आत एक, दारात एक

त्याला सगळे कानटोपी म्हणत. शीतगृहात आयुष्य काढलेला माणूस. आत हाडं गोठवणारी थंडी, बाहेर ऊन, आणि दोन्हींच्या मधल्या दारातून दिवसभर ये-जा. म्हणून बारा महिने डोक्यावर लोकरीची कानटोपी. लेकीच्या बारशाच्या फोटोतसुद्धा ती दिसली असती, पण फोटोवाला हट्टाला पेटला म्हणून निघाली. खरं नाव हजेरीच्या यंत्राला आणि बायकोला माहीत होतं, आणि बायकोला ते घ्यायची कधी वेळच आली नव्हती. तिचं ‘अहो’वर भागत असे.

शीतगृह म्हणजे लोणी, मटार, मासळी असा परक्याचा माल सांभाळणारं मोठं कपाट. त्या कपाटाचा जीव असतो यंत्रखोलीत. तिथे पंप धडधडतात, नळ्यांवर पांढरा बर्फ धरतो, आणि नळ्यांतून अमोनिया फिरतो. अमोनिया हा काही सरळ स्वभावाचा वायू नाही. जरा कुठे फट सापडली की बाहेर येतो, डोळे जाळतो, छातीत शिरतो आणि उभ्या माणसाला आडवं करतो. कानटोपी त्या यंत्रखोलीचा मिस्त्री होता आणि या वायूशी त्याचं संसारासारखं जमलेलं होतं; भांडण रोजचं, पण एकमेकांच्या खोडी माहीत.

या खोलीचा एक नियम होता. तो भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. आत एक, दारात एक. दुरुस्तीला एक जण आत गेला की दुसऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहायचं. बोलायचं नाही, बसायचं नाही, हलायचं नाही. आतल्यानं कडी लावायची नाही. आणि आतला बाहेर आला की दारातल्यानं त्याला पहिला प्रश्न विचारायचा, “नाव सांग.” नाव धड सांगितलं तर ठीक. अडखळला तर वायू डोक्यात गेलाय असं समजून त्याला तडक मोकळ्या हवेत न्यायचं.

कामाची ही पद्धत हळूहळू नोकरी देण्याच्या पद्धतीतही शिरली होती. जुन्या मालकाच्या खोलीत टेबलासमोर एक खुर्ची असे. नोकरी मागणारा तिच्यावर बसे आणि ज्यानं त्याला आणलं तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभा राही. मालक बसलेल्याकडे बघतही नसत. म्हणत, “बसलाय तो तर चांगलं बोलायलाच आलाय. मला उभ्याचं तोंड बघू दे.” उभ्यानं चकार शब्द काढायचा नाही. पण ज्याच्या मागे तुम्ही उभे राहिलात त्याच्या बऱ्यावाइटाला तुम्ही बांधलेले. आणि तो यंत्रखोलीत जाईल तेव्हा पहिलं वर्षभर दारातही तुम्हीच.

कानटोपीच्या मागे उभा राहिला होता त्याचा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. तो तेव्हा यंत्रखोलीचा मुख्य होता. मालकांनी विचारलं, “याची खात्री काय?” खरं तर उभ्यानं बोलायचं नसतं, पण मेव्हणा म्हणाला, “बहीण दिलीय याला. आणखी काय देऊ?” मालक इतके हसले की कागदावर सही करताना पेन घसरलं.

ती सही पुढे कामी आली. पहिल्याच वर्षी, अमोनियाच्या एका टाकीत तळाशी साचलेलं तेल काढताना व्हॉल्व्ह अडकला, बंद होईना, आणि वायू फुत्कारत बाहेर आला. कानटोपीला दिसायचं बंद झालं. श्वास घ्यावा तर छातीत निखारे. तो पडला. दारात मेव्हणा होता. त्यानं ओलं पोतं तोंडावर धरलं, आत शिरला आणि कानटोपीला जावयाच्या मानानं नाही, तर तंगड्या धरून, पोत्यासारखं फरफटत बाहेर काढलं. बाहेर पालथा पडून खोकत असताना कानटोपीनं पहिला आवाज ऐकला तो हाच. “नाव सांग.” त्यानं सांगितलं. मेव्हणा भिंतीला टेकून मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या प्रसंगानंतर कानटोपी आत जायला कधी घाबरला नाही. दारात कोणी आहे एवढं मान वळवून बघितलं की त्याला पुरे. पुढे तोही कितीकांच्या मागे उभा राहिला, दारातही राहिला. मेव्हणा मात्र आता नव्हता. साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. ज्याला अमोनिया काही करू शकला नाही त्याला तापानं नेलं. त्याचा फोटो कानटोपीच्या घरात, शिलाई मशीनच्या वर लावलेला होता.

घर म्हणजे शीतगृहाच्या मागच्या अंगाला कंपनीनं दिलेल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चाले. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि टाचण्या असूनही बोलणं अखंड. आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि एक टेबल. लेक नोकरीला दुसऱ्या शहरात. पंपांची धडधड भिंतीतून ऐकू येई आणि तिच्याशिवाय दोघांनाही झोप लागत नसे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जुने मालक थकले आणि त्यांनी शीतगृह विकलं.

नवी कंपनी मोठी होती. तिच्यातर्फे भरतीचं काम बघायला एक मॅडम आल्या. वयानं लेकीएवढ्या, पायात सपाट बूट, बोलणं स्वच्छ. मालाच्या ट्रकांसाठी जो धक्का असतो तिथे त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, “सगळ्या जागा नव्यानं भरल्या जाणार आहेत. जुन्या माणसांनीही अर्ज करायचा. मुलाखत कॉम्प्युटरवर होईल. प्रश्न तोच विचारेल, गुणही तोच देईल. आपापल्या घरी, खोलीत एकट्यानं बसायचं, दार आतून लावून घ्यायचं. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला तर मुलाखत आपोआप बंद होईल.”

कानटोपीनं भीतभीत विचारलं, “मग मागे उभं कोण राहणार?”

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ही पद्धत नीट समजून घेतली आणि म्हणाल्या, “काका, पण ज्याच्या मागे उभं राहायला कोणी नाही, त्यानं काय करायचं?”

कानटोपीला एक वेल्डर आठवला. हातात कसब होतं, पण गावात नवा, ओळखीचं कोणी नाही. बरेच महिने फाटकाशी येऊन विचारत राहिला आणि नंतर यायचाच थांबला. त्याच्या मागे उभं राहावं असं कानटोपीला कधी सुचलंसुद्धा नव्हतं. मॅडमचं बोलणं खरं होतं आणि खरं असल्यामुळेच त्याची भीती वाढली. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

जागा गेली तर खोल्याही जाणार, हे मॅडमनी वेगळं सांगायची गरज नव्हती. या वयात अमोनिया सोडून दुसरं काही येत नाही अशा माणसाला कोण दारात उभं करणार?

पहिला नंबर लागला लंबूचा. लंबू फोर्कलिफ्ट चालवायचा. उंची अशी की फोर्कलिफ्टवर बसला तरी उभा वाटे. कानटोपीच त्याच्या मागे उभा राहिला होता. मुलाखत दिली त्या दिवशी लंबू फुशारकी मारत आला, “अरे, काही नाही त्यात. गोड आवाजात विचारतं, आपण सांगायचं.” दोन दिवसांनी त्याच्या फोनवर निरोप आला. त्यानं तो कानटोपीला वाचून दाखवला. आपण वेळ दिल्याबद्दल आभार, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

“म्हणजे?” कानटोपीनं विचारलं.

“म्हणजे चालायला लाग,” लंबू म्हणाला. “मला आजवर पुष्कळांनी हाकललं, पण इतक्या गोड भाषेत कोणी नाही.”

विनोद केला खरा, पण त्याचे डोळे भरून आले होते. कानटोपी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि मध्येच थांबला. ज्या हाताचा आता काही उपयोग उरला नव्हता तो ठेवायचा तरी कशाला?

तेव्हापासून कानटोपीची पाचावर धारण बसली. जेवण जाईना. पंपाचा आवाज जरा बदलला तरी दचके. पूर्वी तोच आवाज ऐकून पंपाची तब्येत सांगणारा माणूस! लेकीनं फोनवरून त्याची तयारी करून घ्यायला सुरुवात केली.

“बाबा, ‘स्वतःबद्दल सांगा’ असं विचारलं तर काय सांगाल?”

“आम्ही यंत्रखोली बघतो.”

“आम्ही नाही, मी. मी म्हणा.”

“मी... म्हणजे आम्ही सगळे मिळून...”

“बाबा! त्याला तुमचे सगळे नकोत. त्याला तुम्ही हवेत.”

कानटोपीला आयुष्यात कोणी असं निवडून, वेगळं काढून मागितलं नव्हतं. आरशासमोर उभा राहून तो ‘मी’ म्हणायचा सराव करू लागला. बायको बाहेरच्या खोलीतून ओरडे, “कोणाशी बोलताय?” तो म्हणे, “कोणाशी नाही.” आणि तेही खरंच होतं.

एकदा रात्री जेवताना तिनं विचारलं, “इतकी कसली भीती हो? त्या गॅसला नाही भ्यायलात कधी.”

“तिथे दारात माणूस असतो,” तो म्हणाला.

एवढंच बोलून त्यानं ताट बाजूला सारलं. दुसरा चेहरा चालत नाही, दार लावून बसायचं, हे तिला सांगायचं राहून गेलं. घाबरलेला माणूस स्वतःपुरतंच बघतो. आपल्या भीतीकडे आणखी कोणी बघतंय हे त्याच्या लक्षात येत नाही.

मुलाखतीच्या दिवशी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, लेकीनं पाठवलेला जुना लॅपटॉप टेबलावर ठेवून बसला. कानटोपी काढली, डोकं फार उघडं वाटलं म्हणून परत घातली, परत काढली. आतल्या खोलीच्या दाराला कडी नव्हतीच, ते नुसतं लोटलेलं होतं. बाहेर शिलाई मशीनचा आवाज चालू होता.

वरच्या बाजूला हिरवा ठिपका पेटला. पडद्याच्या कोपऱ्यात लहानशा चौकटीत त्याचाच चेहरा दिसू लागला, आणि तो त्याला अजिबात ओळखीचा वाटला नाही.

“नमस्कार,” गोड आवाज म्हणाला. “कृपया आपलं पूर्ण नाव सांगा.”

त्यानं सांगितलं. आडनाव मात्र राहूनच गेलं.

“स्वतःबद्दल सांगा.”

पडद्याखाली एक निळी पट्टी होती. वेळ संपत जाईल तशी ती सरत होती. कानटोपी त्या पट्टीकडेच बघत बसला. म्हणाला, “मी.” मग थांबला. “मी यंत्रखोली...” मग पुन्हा थांबला. कानांत पंप धडधडत होते, की त्याची छाती, हे त्याला कळेना. समोर कोणी मान हलवत नव्हतं, कोणी ‘हं’ म्हणत नव्हतं. मान वळवून बघावं तर मागे बंद दार. त्याला पुन्हा तो टाकीजवळचा क्षण आठवला, काही न दिसणारा, श्वास न येणारा. फरक इतकाच की तेव्हा तंगड्या धरणारं कोणीतरी होतं. पट्टी संपली.

“आभारी आहोत. आता आपण हाताळलेल्या एखाद्या कठीण प्रसंगाबद्दल सांगा.”

बाहेर शिलाई मशीन थांबली.

दार हळूच उघडलं. कोपऱ्यातल्या चौकटीत, त्याच्या खांद्यामागे, बायको दिसली, गळ्यापर्यंतच. गळ्यात टेप, हात पोटाशी एकावर एक. ती आवाज न करता दोन पावलं पुढे आली आणि तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. थेट तिच्या भावासारखा.

त्याला नियम पाठ होता. एक हात मागे नेऊन तिला जा म्हणून खुणावायचं, एवढंच करायचं होतं. हातही उचलला असता. पण तिची बोटं खुर्चीच्या पाठीवरून त्याच्या खांद्याला जेमतेम लागली आणि त्याच्या छातीतली धडधड, कोणी कळ दाबून बंद करावी तशी, बंद झाली. किती दिवसांनी त्यानं पूर्ण श्वास घेतला.

“एकदा तेल काढताना व्हॉल्व्ह अडकला,” तो म्हणाला आणि बोलायला लागला. गळती कशी सुरू झाली, आधी काय बंद करायला हवं होतं, आपण काय चुकलो, त्यानंतर तेल काढायची कोणती रीत घातली आणि ती घातल्यापासून त्या टाकीपाशी पुन्हा कोणी कसं पडलं नाही. शब्द आपले आपण येत होते. मी, मी, मी म्हणत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

ऐकता ऐकता ती जरा पुढे वाकली, आणि मध्येच हिरवा ठिपका विझला. पडद्यावर काळ्या अक्षरांत एक ओळ आली. दुसरी व्यक्ती आढळल्यामुळे मुलाखत थांबवण्यात आली आहे.

बायकोचा चष्मा मशीनवर राहिला होता. तिला ती ओळ वाचता आली नाही.

“संपली?” तिनं विचारलं.

“संपली.”

“कशी झाली?”

तो पडद्याकडे बघत होता. “चांगली झाली,” तो म्हणाला. “तू होतीस ना मागे.”

तिनं उघड्या दारातून भावाच्या फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “आज दादा असता तर तोच उभा राहिला असता. म्हटलं, तो नाही तर मी आहे.” आणि खूश होऊन चहा टाकायला गेली.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. खरं सांगावं तर तिला जन्मभर लागून राहील की आपल्या हातानं घर घालवलं. न सांगावं तर लंबूसारखा निरोप फोनवर येणार आणि तो तिच्यासमोरच वाजणार. फोनचा आवाज आला की त्याच्या तोंडचं पाणी पळे. बायको मात्र शेजारीपाजारी सांगत होती, “ह्यांची छान झाली हो.” ते वाक्य कानावर पडलं की तो दुसऱ्या खोलीत जाई.

मग मॅडमनी त्याला बोलावलं. त्यांच्या केबिनला चारी बाजूंनी काच. आतला बसलेला बाहेर सगळ्यांना दिसे. कानटोपी डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन बसला.

“काका, तुमच्या मागे कोण होतं?”

“बायको.”

“उत्तरं सांगत होती का?”

“नाही. उभी होती.”

“का?”

त्यानं सांगितलं. मेव्हण्याचं, खुर्चीचं, ओल्या पोत्याचं. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांनी एकदा बाहेर बघितलं, बहुधा त्यांच्याही वरच्या कोणाची भीती असावी. मग म्हणाल्या, “मी एकदाच परत मुलाखत लावू शकते. त्यासाठी कारण द्यावं लागतं. ‘चुकून कोणीतरी आत आलं’ असं टाकते.”

“चुकून नव्हती आली ती,” कानटोपी म्हणाला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

“माहीत आहे काका. पण फॉर्ममध्ये कारणाला तेवढीच जागा आहे. परत तसं झालं तर माझ्या हातात काही नाही. इथे बसवलं असतं तुम्हाला, पण काचेतून सगळे जाता-येता दिसतात. घरीच बसा. दार लावून घ्या. आणि त्यांना...” त्या थांबल्या. “त्यांना जरा सांगा.”

सांगा! यंत्राशी बोलायला भिणारा हा माणूस आता बायकोशी बोलायला त्याहून जास्त भिऊ लागला. सकाळी सांगू म्हटलं तर ती कपडे कापत असे, कात्री भलतीकडे चालेल. दुपारी सांगू तर ती जरा पडलेली असे. संध्याकाळी ती इतकी आनंदात असे की जीभ उचलत नसे. शेवटी त्यानं भित्र्या माणसाचा उपाय काढला. म्हणाला, “अगं, दुसरी फेरी आहे. तू त्या दिवशी लेकीकडे जाऊन येतेस का? पुष्कळ दिवसांत गेली नाहीस.”

“बरं,” ती म्हणाली.

इतक्या सहज ‘बरं’ म्हणणारी ती बाई नव्हती, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

मुलाखतीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत आला तर ती पलंगावर बसलेली. पिशवी नाही, चप्पल नाही, गळ्यात टेप.

“गेली नाहीस?”

“लंबूची बायको भेटली होती,” ती म्हणाली. “दुसरं तोंड दिसलं की ते यंत्र बंद पडतं म्हणे.”

तो खुर्चीवर बसला. ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही, उसळली.

“इतके दिवस तोंडात काय धरून बसला होतात? मी गावभर सांगत फिरतेय, छान झाली, छान झाली! लोक मनात हसत असतील!”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आणि घर गेल्यावर बरं वाटलं असतं?” तिचा आवाज आता मात्र कापला. “खोल्या गेल्या असत्या हो. माझ्या एका हातापायी. आणि तुम्ही मला चहा प्यायला लावलात त्याच्यावर!”

“चहा तूच केला होतास,” तो म्हणाला. काय बोलावं हे न सुचून बोलला, पण तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आलेच.

तो हळूच म्हणाला, “मला एकट्यानं नाही जमणार. खरंच सांगतो. फार भीती वाटते गं मला.”

इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यानं कोणासमोर उच्चारलं नव्हतं. तिनं डोळे पुसले. टेप नीट केला.

“मी मागे उभी राहिले तिथेच चुकलं,” ती म्हणाली. “खुर्चीच्या मागे उभं राहायचं ते मालकासाठी. मालक गेले विकून. तुमच्या खोलीचा नियम काय? आत एक...”

“दारात एक,” तो म्हणाला.

ती उठली, खोलीबाहेर गेली. दार ओढून घेताना म्हणाली, “आतून काही लावू नका. खुर्चीबिर्ची अडकवायची नाही. आतल्यानं दार अडवायचं नसतं.” आणि दार मिटलं.

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. त्याला ठेवलं. नव्या माणसासारखं काही महिने उमेदवारीवर ठेवलं, त्याच यंत्रखोलीत ज्याचे पंप तो झोपेत ओळखायचा. लंबूला नाही ठेवलं. त्याच्या मागे उभं राहायला आता जागाच नव्हती आणि ही गोष्ट कानटोपीच्या मनातून पुढे कधी गेली नाही. पण तो निकाल नंतरचा. त्या दिवशी त्या खोलीत त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो घाबरलेलाच होता.

हिरवा ठिपका पेटला. आवाजानं नाव विचारलं आणि त्याचं आडनाव पुन्हा राहून गेलं. पुढचा प्रश्न आला, निळी पट्टी सरायला लागली. त्यानं एकदाच मान वळवली. दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या खोलीतला उजेड आत येत होता, आणि त्या उजेडात दोन पावलांची सावली होती. ती हलत नव्हती.

तो वळला आणि बोलायला लागला. फार छान बोलला असं नाही. दोनदा अडखळला, एका प्रश्नाला पट्टी त्याच्या आधी संपली, आणि ‘तुमच्या यशाचं श्रेय कशाला द्याल’ याला तो इतका वेळ गप्प बसला की यंत्रानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, “दाराला.” यंत्राला ते कितपत कळलं देव जाणे.

ठिपका विझला. या वेळी पडद्यावर आभार आले. त्यानं कानटोपी घातली, उठला, दार उघडलं.

ती तिथेच होती, उंबऱ्याला लागून, हात पोटाशी बांधलेले. मशीनवर अर्धं शिवलेलं कापड तसंच पडलं होतं. पाय आखडले होते, तोंड उतरलं होतं. आत तो जितका घाबरला होता तितकीच ती बाहेर घाबरली होती, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. कशी झाली, असं तिनं विचारलं नाही. तिनं त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं, भाऊ बघायचा तसं.

“नाव सांगा,” ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. आडनावासकट, न अडखळता. मग ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.